तुरट जांभळाचा मानकरी

जे आता सांगणार आहे ते माझ्या बायकोलाही माहीत नव्हतं. तिच्यापासून मी कधी गुळाचा खडासुद्धा लपवू शकलो नाही, पण हे लपवलं. मुलांना सांगितलं नाही. रामपायलीच्या मंदिरात हात जोडून उभा राहिलो तेव्हा देवालाही सांगितलं नाही. देवाला ठाऊक असेलच म्हणा — पण त्याला ठाऊक असणं वेगळं आणि आपल्या तोंडानं सांगणं वेगळं, नाही का?

घाबरू नका, हे रडगाणं नाही. या गोष्टीत एक असा विजय आहे की तो आठवला की अजूनही मला बसवत नाही, उठून दोन फेऱ्या माराव्या लागतात. फक्त तो विजय माझा नाही. ज्या बाईचा तो आहे, तिच्या वाटेत मी काय होतो ते सांगायचं आहे. थोडे वळसे घेईन. सरळ सांगण्याची हिंमत असती तर तेव्हाच सांगितलं नसतं का?

आमचं घर वैद्याचं. गाव रामपायलीच्या अलीकडे, चहूकडे भाताची शेतं. राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा भंडाऱ्याकडचे आमचे सगळे सोयरे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. घरात मराठी, कचेरीत हिंदी, बाजारात दोन्हीची खिचडी. वडील वारले आणि दवाखाना माझ्या गळ्यात पडला. दवाखान्याबरोबर जांभळाचं आसवही आलं, आणि खरं सांगायचं तर दवाखाना त्या आसवावरच चालत होता.

आसव म्हणजे काय, हे आताच्या मुलांना सांगावं लागतं. पिकलेली जांभळं हातानं कुस्करायची, त्यात गूळ घालायचा, जंगलातून आणलेली धायटीची लाल फुलं टाकायची. मडक्याला आतून तुपाचा हात फिरवायचा. मग झाकण ठेवून वरून कापड आणि माती लिंपायची आणि मडकं भाताच्या कोंड्यात पुरून ठेवायचं. आत ते कुजबुजतं, खदखदतं, मग हळूहळू गप्प होतं. गाळलं की गर्द तांबडं. पोटाला उत्तम. आणि हो, डोकंही थोडं हलकं होतं — पण दारू म्हणायचं नाही हां, औषध! ज्याचं पोट दुखे तो येई, आणि ज्याचं दुखत नसे तो पोट धरून येई.

वडील गावभरची जांभळं एकाच रांजणात घालत. मी ते मोडलं. इथे मला थोडी फुशारकी मारू द्या, कारण पुढे मारायला जागा उरणार नाही. एका जागेची जांभळं, एक मडकं — हे माझं डोकं. ज्याची झाडं त्यानंच आपल्या घरी मडकं भरावं, लिंपलेल्या मातीत आपली खूण उमटवावी आणि ते माझ्याकडे कोंड्यात ठेवायला आणावं. आणि काय सांगू तुम्हाला, प्रत्येक मडकं वेगळं निघालं! आमचे सरपंच दसारामजी, त्यांच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, झाडाचं आसव सौम्य, तांदळाच्या पेजेसारखं निवांत. तिरोडीच्या खाणीजवळून एकजण मडकं आणी, त्याची झाडं मँगनीजच्या काळ्या ढिगांना लागून. ते आसव जिभेवर तव्याचा चटका दिल्यासारखं बसे. माझ्या परसातल्या झाडाचं तुरट, नुसतं तुरट. रोगी नावानं मागू लागले. दसारामजींचं द्या, तिरोडीचं द्या. माझं कोणी मागत नसे.

आणि एक मडकं होतं ज्याला मी नाव देत नव्हतो. ते मी नुसतं 'खास' म्हणून देत असे.

ते कौतिकाबाईचं. नाल्यापलीकडे त्यांची वस्ती. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेलं घर. नवरा लवकर गेला, दोन मुलं आणि दोन सुना हाताशी. नाल्याच्या काठावर तिच्या सासऱ्यानं लावलेली पाच जांभळं होती. बाई गरीब होती, पण गरीब स्वभावाची नव्हती. तोंड असं की कावळे फांदी सोडून जावेत. ती जांभळं काठीनं झोडू देत नसे. सुनांनी जुनं लुगडं चार कोपऱ्यांनी ताणून धरायचं, मुलानं वर चढून फांदी हलवायची, फळ मातीला लागता कामा नये. एक जरी खाली पडलं तरी ते पोरांचं, मडक्यात जायचं नाही. लिंपलेल्या मातीत ती हातातली बांगडी दाबून गोल खूण करी.

"आमी पंचशील घेतलं वैद्यजी, मी थेंब तोंडात घालत नाई," ती म्हणे. "पण माह्या जांभळाले तोड नाई. तुमी पिऊन पाहा अन् मले सांगा, हाये का नाई ते."

तोड नव्हतीच. काय चव होती! पहिल्या घोटाला गोड, मग आंबूस, मग घशात उतरल्यावर कुठूनतरी लवंगेसारखं काही वर येई आणि जिभेवर बसून राही. मी वैद्य, मी खूप काही चाखलंय. असं दुसरं नाही.

मग नाव का देत नव्हतो? तुम्ही ओळखलंच असेल. गावच्या विहिरीवर तिच्या वस्तीची घागर चालत नव्हती. तिच्या हातानं कुस्करलेली जांभळं आपण पितो, हे माझ्या रोग्यांना कळलं असतं तर? ती मागच्या दारानं मडकं आणी आणि मी पुढच्या दारानं विकत असे. मी स्वतःला समजावत होतो की औषधाला विटाळ नसतो. मग लपवत कशाला होतास रे? — हे मी स्वतःला विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात बालाघाटला प्रदर्शनी भरली. शेतीमाल, फळं, औषधी, सगळ्यांचे नंबर लागणार. मी 'खास' मडकं न्यायचं ठरवलं. निघण्याच्या आदल्या सकाळी मी झाकणावरची माती खरवडली, तिची बांगडीची खूण गेली. नवी माती लावली आणि माझी पितळी अंगठी दाबली. का? प्रवासात माती निघते म्हणून, असं मी तेव्हा मनाला सांगितलं. माती मुळीच निघत नव्हती.

मैदानात मांडवात टेबलांची रांग. एक मोठे अधिकारी, हिंदी बोलणारे, चष्मा कपाळावर चढवून एकेक चाखत आले. माझ्याकडे आले, एक घोट घेतला आणि थांबले. चष्मा खाली घेतला. पुन्हा एक घोट.

"ये जामुन किसके बाग का है, वैद्यजी?"

मांडवात माणसं होती. गावचे लोक होते, दसारामजी होते. मी म्हणालो, "हमारे घर का."

बस. एवढंच. हार गळ्यात पडला, कप हातात आला, टाळ्या झाल्या. तुम्हाला वाटत असेल भीतीनं बोललो. भीती होतीच. पण खोटं कशाला बोलू — त्याहून जास्त मला तो हार हवा होता. इतकी वर्षं माझ्या परसातल्या झाडाला कोणी विचारलं नव्हतं.

पुढची गंमत ऐका. गावात परत येतो तो जो तो माझ्या परसात! पुढच्या जेठात बी न्यायला रीघ लागली. रामपायलीचे आले, वारासिवनीकडचे आले, कोणी कोणी बैलगाडी जुंपून आले. नाही कसं म्हणणार? माझ्या तुरट जांभळाच्या बिया लोकांनी हळदकुंकू वाहून पेरल्या. आज त्या भागात रस्त्याकडेला कुठे तोंड वाकडं करणारं जांभूळ खाल्लंत, तर मला खुशाल शिव्या द्या. ते माझ्याच वंशातलं आहे.

तुम्ही म्हणाल, एवढंच होय? एक कप ढापला, ही काय जन्मभर उरात बाळगायची गोष्ट आहे? नाही. एवढंच असतं तर मी केव्हाच हसत सांगून टाकलं असतं. मी अजून वळसेच घेतोय. आता येतो.

त्याच उन्हाळ्यात पंचायतीनं गावात नवी विहीर खणायला घेतली. विहिरीच्या तळाशी लाकडाचं गोल कडं बसवतात आणि त्याच्यावर दगडाचं बांधकाम चढवतात. ते कडं जांभळाचंच लागतं, कारण ते लाकूड पाण्यात सडत नाही. जाड, सरळ जांभळं कुठे आहेत? नाल्याकाठी. जमीन सरकारी पट्टीत, मग झाडं गावाचीच, असं ठरायला कितीसा वेळ लागतो? त्या विहिरीवरही कौतिकाबाईच्या वस्तीची घागर चालणार नव्हती. ते कोणी बोललं नाही, कारण ते सगळ्यांना माहीत होतं.

पण आमच्याकडे एक रीत होती, अजूनही कुठे कुठे असेल. औषधाचं झाड तोडायचं तर आधी वैद्याला विचारायचं. बेहडा असो, अर्जुन असो, वैद्य 'राहू द्या' म्हणाला की त्या झाडाला पुन्हा कोणी कुऱ्हाड लावत नसे. माझ्या वडिलांनी असं कितीतरी झाडांना जीवदान दिलं होतं. गावात त्यांच्या शब्दाला मान होता तो या रीतीमुळेच.

पिंपळाच्या पारावर सभा बसली. कौतिकाबाईला कोणी बोलावलं नव्हतं. ती आपणहून आली, पारापासून दूर उभी राहिली आणि तिथूनच ओरडली, "अजी सरपंचजी! हे औषधाचे झाडं हायेत! माह्यावर इश्वास नसंल तं वैद्यजीले इचारा!"

माझ्या कपाची गोष्ट तिच्या कानावर गेली होती. सगळ्या गावाच्या गेली, तिच्या कशी जाणार नाही? तरी ती म्हणाली — वैद्यजीले इचारा. आपला कप गेला तर गेला, पण झाड तोडायची वेळ आल्यावर हा माणूस खोटं बोलणार नाही, असं तिला वाटलं असेल. माझ्यावर एवढा भरवसा त्या दिवशी मी तरी ठेवला नसता.

दसारामजी भला माणूस. त्यांनी खरंच विचारलं. "काहो वैद्यजी, त्या झाडायचं तुमाले काही काम पडते का? पडत असंल तं आमी दुसरं लाकूड पाहू."

मला फक्त 'हौ' म्हणायचं होतं. हौ, राहू द्या. कप कोणाचा, मडकं कोणाचं, यातलं काही बोलायची गरज नव्हती. पण चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, नाल्याच्या झाडांचं काम पडतं म्हटलं तर कोणीतरी विचारील, मग परसातल्या झाडाचं काय? तिच्याकडे न बघता मी म्हणालो, "जांभूळ तसं सगळंच औषधी. पण दवाखान्याचं झाड माझ्या परसात आहे."

हे ते. शब्द सगळ्यांनी ऐकले, पण ते खोटे होते हे मी कोणालाही सांगितलेलं नाही.

ती वळली आणि नाल्याकडे चालू लागली. दुसऱ्या दिवशी पाचातली दोन झाडं पडली, फळ लागलेली. आवाज माझ्या दवाखान्यापर्यंत आला. मी त्या वेळी कोणाची तरी नाडी बघत होतो आणि नाडी मला लागत नव्हती. उरलेली तीन पुढच्या उन्हाळ्यात तोडू असं पंचायतीनं ठरवलं. शेजारच्या गावालाही विहीर काढायची होती.

त्या सालात मागच्या दारानं मडकं आलं नाही. येणारही नव्हतं.

आता मात्र सरसावून बसा, कारण आता ती येते.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा प्रदर्शनी. मला जाणं भाग होतं — कपाचा मानकरी ना मी! आणि न्यायचं काय? परसातलं. तुरटपणा झाकायला मी गूळ दुप्पट घातला, वेलची घातली, बायको म्हणाली लग्नातलं पन्हं झालंय. टेबलावर ठेवलं. तेच अधिकारी आले, मोठ्या आशेनं घोट घेतला, आणि त्यांचा चेहरा... जाऊ द्या. सभ्य माणूस, गिळलं त्यांनी. म्हणाले, शायद इस साल मौसम ठीक नहीं था.

तेवढ्यात मांडवाच्या दाराशी गलका. कौतिकाबाई. डोक्यावर मडकं, मागे दोन्ही मुलं, दोन्ही सुना. नवं हिरवं लुगडं. दारावरचा माणूस तिला बायकांच्या भरतकामाच्या टेबलाकडे वळवत होता. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो आपणहून बाजूला झाला. ती सरळ आली आणि माझ्या शेजारच्या टेबलावर मडकं ठेवलं. मातीवर बांगडीची गोल खूण. तिनं स्वतः माती फोडली. वास सुटला आणि मी माझं मडकं हळूच मागे सरकवलं.

अधिकाऱ्यांनी घोट घेतला. डोळे मिटले. मग ओरडलेच, "यही है! पिछले साल वाला, बिल्कुल यही!"

सगळा मांडव माझ्याकडे वळला. दसारामजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मेलो, असं वाटलं. तिनं नुसतं तोंड उघडायचं होतं. तिचा हक्क होता, आणि तोंड तर देवानं तिला भरपूर दिलं होतं.

ती म्हणाली, "नहीं साहेब. वो वैद्यजी का था. ये मेरे पेड़ का है. तीन पेड़ बचे हैं, अन् ये गाँववाले वो भी काटने बैठे हैं."

अधिकाऱ्यांनी दसारामजींकडे बघितलं. म्हणाले, ऐसा पेड़ कौन काटता है? जामुन पकने दो, मैं खुद देखने आऊँगा. झालं! साहेब बघायला येणार म्हटल्यावर कोण कुऱ्हाड उचलतो? कप तिच्या हातात, हार तिच्या गळ्यात, आणि तिच्या धाकट्या मुलानं अशी शिट्टी मारली की बाहेरचे बैल बुजले. टाळ्या थांबेनात. आणि मी — तुमचा विश्वास बसणार नाही — मी सगळ्यात जोरानं वाजवत होतो. हात लाल झाले. आदल्या साली हार पडला तेव्हा जे वाटायला हवं होतं ते मला त्या दिवशी वाटलं. काय तिची मान होती! काय ती उभी होती!

बसच्या वेळी मी तिच्याजवळ गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. माझं तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "तुमचं नाव घेतलं असतं तं आज समद्यायनं तुमचीच गोष्ट केली असती. वैद्यानं असं केलं, वैद्यानं तसं केलं. आज माही गोष्ट झाली पाह्यजे होती. झाली." आणि ती बसमध्ये चढली. बसायला जागा करून दिली ती दसारामजींनी, स्वतः उठून. त्या काळात, आमच्या भागात. मी पाहिलं ते.

साहेब जेठात खरंच आले, पांढरा सदरा घालून. कौतिकाबाईनं त्यांच्या हातात जुन्या लुगड्याचा एक कोपरा दिला. दुसरा दसारामजींच्या हातात. मुलगा वर चढला, फांदी हलली आणि जांभळांचा असा सडा पडला की साहेबांचा सदरा जांभळा झाला आणि ते लहान पोरासारखे हसत सुटले. ती त्यांना दटावत होती, कोपरा वर धरा म्हणून. अख्खा गाव नाल्याकाठी लोटला होता. मी नाल्याच्या अलीकडे उभा राहून पाहिलं. मला कोणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी कुठल्या तोंडानं गेलो असतो?

त्यानंतर लोक उघडपणे तिच्या नावानं आसव मागू लागले. ती थेट आपल्या अंगणातून देई. ज्यांना विटाळ होईल असं मला वाटलं होतं, तेच नाला ओलांडून रांगेत उभे राहिले. ती शेवटपर्यंत माझ्या दवाखान्याची पायरी चढली नाही. म्हातारपणी पोटाचं दुखणं निघालं तेव्हा बालाघाटच्या डॉक्टरकडे गेली. मुलांनाही पहिल्या कपाची गोष्ट तिनं बोलू दिली नाही.

आणि मी? मी त्याचाही फायदा घेतला. 'पहिल्या साली वैद्यानं जिंकलं, दुसऱ्या साली कौतिकाबाईनं वैद्याला हरवलं' — अशी ती गोष्ट लोक पंचक्रोशीत सांगत. मी ऐकत बसे, हसून मान डोलावत असे. हरल्याचं हसून सांगितलं की आधीचं जिंकणं खरं वाटतं, हे मला कळत होतं. लोक मला दिलदार म्हणत. ती गेली तेव्हाही चार माणसांत मी हीच गोष्ट सांगितली, आणि डोळे पुसले. डोळे खरे ओले होते. गोष्ट खोटी होती.

म्हणून आता ती नीट सांगतो. मला कधीच काही जिंकता आलं नाही. पहिल्या सालचा कप कौतिकाबाईचा होता आणि दुसऱ्या सालचाही कौतिकाबाईचाच. तीन जांभळं तिनं एकटीनं वाचवली, पंचायतीच्या नाकावर टिच्चून, माझ्याशिवाय. ती दोन मी तोडली. कुऱ्हाड तेवढी दुसऱ्याच्या हातात होती.